गिरिजाताईंचे सुटलेले मासे

माझ्या हाताच्या शिरा लपून बसतात. रक्त काढायला गेलं की समोरची मुलगी आधी डावा हात थोपटते, मग उजवा, मग विचारते, “पाणी पिऊन आलात ना?” तिच्या आवाजावरूनच मला कळतं, आज किमान तीनदा टोचणार. थायरॉइडमुळे दर दोन महिन्यांनी हे असतंच. त्यामुळे टेक्सासमध्ये अर्विंगला राहायला आल्यावर मॅकआर्थर बुलेवार्डजवळच्या लॅबमध्ये पहिल्यांदा गेले, तेव्हा मी खुर्चीत बसण्याआधीच घामाघूम झाले होते.

निळ्या कोटातल्या बाईंनी माझं आडनाव वाचलं आणि विचारलं, “मराठी का?”

“हो.”

“मग घाबरू नका. मराठीत टोचते.”

दंडाला रबरी पट्टा बांधून त्यांनी उजव्या हाताची तर्जनी माझ्या कोपराच्या आतल्या बाजूला ठेवली. नजर माझ्या हातावर नव्हतीच, समोरच्या भिंतीवर होती. बोट जरा इकडे, जरा तिकडे. “इथे आहे बघा. शीर दिसावी लागत नाही, ती बोटाला उसळी देते.” एकदाच टोचलं, आणि झालं.

त्या गिरिजाताई. पुढची चार वर्षं मी त्यांची ड्यूटी कधी आहे ते विचारूनच अपॉइंटमेंट घेत आले.

त्या मूळच्या अमरावतीच्या. बी.एस्सी. झाल्यावर राजापेठेतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये आठ वर्षं काम केलं. लग्नानंतरही केलं. मग नवरा सत्यजित कंपनीकडून टेक्सासला आला, आणि त्या त्याच्यामागून. व्हिसावर काम करायची परवानगी नाही, म्हणून सात वर्षं घरात. “सात वर्षं मी फक्त कणीक तिंबली,” असं त्या म्हणायच्या आणि विषय बदलायच्या. वर्क परमिट हातात आलं, तेव्हा वय शेहेचाळीस. वर्गात सगळी विशीतली पोरं. त्यांच्यात बसून कोर्स केला, परीक्षा दिली आणि ही नोकरी मिळवली. आज त्या पंचावन्न वर्षांच्या आहेत.

मासेमारीचा नाद त्यांना लावला डोरीनने. डोरीन म्हणजे एकतीस वर्षं शाळेची बस चालवून रिटायर झालेली, सत्तरी ओलांडलेली बाई. हृदयाची झडप बदललेली, रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या चालू, त्यामुळे दर महिन्याला तपासणी. एकदा सुई काढल्यावर ती गिरिजाताईंना म्हणाली, “हनी, तुझं हे बोट इथे वाया चाललंय. असं बोट असलं तर माणसाने वर्म फिशिंग करावं.”

गिरिजाताईंच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. पण डोरीनच्या गाडीची बॅटरी बसली होती, तिला ग्रेपवाइन लेकवर सोडायला कोणी नव्हतं, म्हणून एका रविवारी त्या गेल्या. सोडून परत यायचं ठरलं होतं. परत आल्या संध्याकाळी पाचला, नाक उन्हाने लाल झालेलं.

डोरीनने त्यांना दिलं होतं प्लॅस्टिकचं सातेक इंची मऊ गांडूळ. त्याच्या पोटातच वाकडा गळ लपवलेला असतो, पुढे गोळीएवढं वजन. ते पाण्याच्या तळाशी सोडायचं, थोडं ओढायचं, थांबायचं, परत ओढायचं. लाइन, म्हणजे रॉडचा बारीक दोरा, तर्जनीवर टेकवून ठेवायची. बास मासा ते गांडूळ तोंडात घेतो, तेव्हा बोटाला फक्त एक ‘टक्’ लागतं. दाराबाहेरून कोणीतरी एका बोटाने टिचकी मारावी तसं. कधी तेवढंही लागत नाही, लाइन नुसती जड होते. हे खोटं आहे हे ओळखून मासा ते थुंकून टाकायच्या आत सैल लाइन गुंडाळून घ्यायची आणि रॉडला झटका द्यायचा. सगळ्याला मिळून दोन सेकंद. फार तर तीन.

“अगं, शिरेसारखंच,” गिरिजाताई मला सांगत होत्या. “दिसत काही नाही. बोटाला कळतं.”

त्यानंतर त्या दर शनिवारी जायला लागल्या. मासा पकडायचा, दोन क्षण बघायचा, पाण्यात सोडून द्यायचा. सत्यजित म्हणायचे, “यापेक्षा लायब्ररीत जा, तिथेही घेऊन परतच द्यायचं असतं.” पण त्यांची मोठी टोपी आणि पाण्याची बाटली शुक्रवारीच गाडीत जाऊन बसायची. स्वभाव लॅबचा, त्यामुळे एक वहीही होती. किती वेळा टक् लागलं, त्यातले किती मासे काठापर्यंत आले. दोन वर्षांत त्या दहातले सात आणायला लागल्या. डोरीनचे स्वतःचे सहा असायचे, आणि ती हे सगळ्यांना सांगायची.

या वर्षी मार्चमध्ये वहीतला आकडा खाली यायला लागला. दहातले चार. मग तीन. एका शनिवारी अकरा वेळा मासा लागला आणि एकच बाहेर आला.

पहिल्यांदा त्यांनी गळाला दोष दिला. गळाचं टोक नखावर टेकवून ओढायचं, ते रुतलं तर धार आहे, घसरलं तर बोथट, हे डोरीनने शिकवलं होतं. तीन गळ घसरले. नवे आणले. तरी मासे सुटत राहिले. मग डोरीनने त्यांचं गांडूळ हातात घेऊन बघितलं. “टोक फार आत खुपसलंयस. झटका दिलास की गळाची सगळी ताकद प्लॅस्टिक फाडण्यातच जाते. असं आरपार काढ, आणि मग टोक वरच्या कातडीत नुसतं लपव.” तसं केलं. एक शनिवार बरा गेला, दुसरा परत तसाच. मग एक नंबर मोठा गळ, कारण जाड गांडुळात छोट्या गळाला तोंड उघडायला जागा उरत नाही. मग लाइन बदलली, कारण जुनी ताणली की रबरासारखी लांबते आणि झटका माशापर्यंत पोचतच नाही. रॉड फार वर धरते म्हणून झटक्याला जागा राहत नाही, असंही निघालं. त्यांनी ते सुधारलं. सैल लाइन आधी गुंडाळ, मग झटका दे. तेही केलं.

“उत्तर दर वेळी मिळत होतं गं,” त्या नंतर म्हणाल्या. “आणि दर वेळी मला बरं वाटायचं. चूक गळाची आहे, लाइनची आहे, माझी पद्धत चुकतेय. तोवर बरंच होतं.”

एप्रिलच्या दुसऱ्या शनिवारी त्या दोघी एका पडलेल्या झाडाजवळ उभ्या होत्या. गिरिजाताईंचं गांडूळ फांद्यांपाशी तळाशी गेलेलं. त्या ‘टक्’ची वाट बघत होत्या. वारा नव्हता.

डोरीन म्हणाली, “अगं, मार ना!”

“काय?”

“मासा! लाइन बघ तुझी!”

लाइन पाण्यावर डावीकडे सरकत चालली होती, चांगली दोन हात. मासा गांडूळ तोंडात घेऊन सावकाश निघाला होता. गिरिजाताईंनी घाईने झटका दिला तेव्हा रिकामा गळ पाण्याबाहेर आला.

“तुला कळलं नाही?” डोरीनने विचारलं. तिच्या आवाजात चेष्टा नव्हती.

“लक्ष नव्हतं माझं,” गिरिजाताई म्हणाल्या.

लक्ष होतं. सगळं लक्ष त्या एका बोटावर होतं, आणि बोटाला काहीच लागलं नव्हतं.

त्या दिवशी घरी आल्यावर भांडी घासताना त्यांच्या लक्षात आलं की उजव्या अंगठ्याचं कातडं सोलवटलंय. बासचे दात बारीक असतात, कानशीसारखे. त्याचा खालचा ओठ धरून उचलतात, तेव्हा अंगठा खरचटतो. सकाळी एकच मासा धरला होता. तो झटापट करत होता, हे आठवत होतं. अंगठा दुखल्याचं आठवेना. साबणाचं पाणी त्यावरून चाललं होतं आणि तेही झोंबत नव्हतं.

त्यांनी कोणालाच सांगितलं नाही. नवऱ्याला नाही, डोरीनला नाही. सत्यजित ऑफिसला गेले की ओट्यावर डोळे मिटून उभ्या राहायच्या आणि दोन वाट्यांत बोटं घालायच्या, एकीत साबुदाणा, दुसरीत तांदूळ. कुठल्या वाटीत काय ते ओळखायचं. करंगळी मध्ये येऊ द्यायची नाही, तिचा इथे काय उपयोग, असं म्हणून ती मिटून ठेवायची. पहिल्या दिवशी ओळखता आलं. आठवड्याने दोनदा चुकलं. मग त्यांनी ते करणंच सोडून दिलं.

त्यांच्या भीतीला नाव होतं. त्यांचा मोठा भाऊ गुरुनाथ अमरावतीला शाळेत गणित शिकवायचा. एके दिवशी त्याच्या हातातून खडू पडला. मग चहाचा कप. अडीच वर्षांत तो अंथरुणाला खिळून संपला, शेवटी गिळताही येत नव्हतं. मज्जातंतूंचा आजार. गिरिजाताई तेव्हा इथे होत्या, व्हिडिओ कॉलवर बघत.

“त्याच्या आजारात ताकद जाते, स्पर्श जात नाही. हे मला माहीत होतं,” त्या मला म्हणाल्या. “मी लॅबमधली बाई आहे, मला का माहीत नसेल? पण एका सकाळी डब्याचं झाकण काढताना डबा हातातून सटकला. त्यानंतर मला माहीत असलेलं काही उपयोगाचं राहिलं नाही.”

लॅबमध्ये त्यांनी आपली पद्धत गुपचूप बदलली. बोटाने शोधण्याऐवजी डोळ्यांनी शोधायच्या. ज्यांच्या शिरा ठळक, त्यांना स्वतः घ्यायच्या. म्हातारी, जाड किंवा घाबरलेली माणसं आली की शेजारच्या मुलीला म्हणायच्या, “तू घे, मी ट्यूब्सना लेबल लावते.” गरम पाण्याची पिशवी ठेवून शीर वर येण्याची वाट बघायच्या. कोणाला काही कळलं नाही. उलट सुपरवायझर लॉरेन एकदा म्हणाली की हल्ली तू नव्या मुलींना किती संधी देतेस. ते ऐकून त्या बाथरूममध्ये जाऊन उभ्या राहिल्या होत्या.

मला यातलं काहीही माहीत नव्हतं. मे महिन्यात मी नेहमीसारखी त्यांची ड्यूटी बघून गेले.

मला बघून त्यांचा चेहरा उतरला. मला वाटलं, घरी काही झालं असेल. “आज सँड्राला घेऊ दे का तुझं?” त्या म्हणाल्या.

“का? नको हं, ताई. तुम्हीच घ्या. तुमच्यासाठी सुट्टी टाकून आलेय.”

मी ते हसत म्हणाले. आता आठवलं की वाईट वाटतं. त्यांनी पट्टा बांधला, बोट ठेवलं. या वेळी नजर भिंतीवर नव्हती, माझ्या हातावर खिळलेली होती. बोट फिरत राहिलं, नेहमीपेक्षा खूप जास्त वेळ. कपाळावर घाम दिसला. मग टोचलं. काही आलं नाही. सुई आतल्या आत जरा फिरवली, मी ओरडले. सुई बाहेर काढून त्यांनी दुसऱ्या हाताला टोचलं, आणि तिथे कातडीखाली एक निळसर टेंगूळ भराभर मोठं व्हायला लागलं.

त्यांनी कापूस दाबून धरला आणि तशाच उभ्या राहिल्या.

“सँड्रा,” त्यांनी हाक मारली. “प्लीज, तू ये.”

दोनदा जमलं नाही तर तिसऱ्यांदा त्याच माणसाने टोचायचं नाही, असा तिथला नियम आहे. सँड्राने रक्त घेतलं. मी बाहेर आले तर गिरिजाताई पार्किंगमध्ये माझ्या गाडीशेजारी उभ्या. निळा कोट अंगात तसाच, पायाशी काळे ग्रॅकल पक्षी चिप्सच्या तुकड्यांवर भांडतायत.

“राधिका, मला बोटाला कळत नाहीये,” त्या म्हणाल्या. “मार्चपासून.”

आणि मग तिथेच, उन्हात, त्यांनी सगळं सांगितलं. मासे, अंगठा, साबुदाणा, गुरुनाथ. मी म्हणाले, “ताई, डॉक्टरकडे का नाही गेलात?”

“गेले की ते नाव सांगतील.”

 मग त्याच पुढे म्हणाल्या, “पण हे टोचणं बंद करायला हवं होतं मी. ते तरी करायला हवं होतं. परवा एक आजोबा आले होते, त्यांचा हात पार काळानिळा झाला. ते मला थँक यू म्हणून गेले गं.”

मी घरी आले. त्या परत आत गेल्या आणि लॉरेनला सांगितलं. लॉरेन रागावली नाही, पण तिने लगेच त्यांना रक्त काढण्यावरून काढलं, कागद भरून घेतले आणि घरी पाठवलं. संध्याकाळी सत्यजितना सांगितलं. ते ऐकून हळूच म्हणाले, “गुरुनाथसारखं नसेल ना?” गिरिजाताईंना ज्या वाक्याची इतके दिवस भीती वाटत होती, ते हेच. पण ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर त्यांना रडू आलं, आणि रडून झाल्यावर जरा जेवण गेलं.

न्यूरॉलॉजिस्टची अपॉइंटमेंट मिळाली सात आठवड्यांनंतरची. सत्यजितनी चार ठिकाणी फोन केले, वेटिंग लिस्टवर नाव टाकलं, दर सकाळी आठला परत फोन. त्या सात आठवड्यांत मी जवळजवळ रोज त्यांच्याशी बोलायचे. त्या दिवसातून कितीतरी वेळा मूठ आवळून बघायच्या. जीभ आरशात बघायच्या, ती थरथरते का. जिना चढताना पायऱ्या मोजायच्या. कॅलिफोर्नियात सांता क्लाराला असलेल्या मुलीला, अनयाला, सांगितलं तर ती म्हणाली, “आई, स्टॉप गूगलिंग, प्लीज. आय ॲम बुकिंग अ फ्लाइट.” त्यांनी तिला येऊ दिलं नाही. आली म्हणजे आपण खरंच आजारी, असं त्यांना वाटत होतं.

तिसऱ्या आठवड्यात डोरीनचा मला फोन आला. नंबर गिरिजाताईंनीच कधीतरी दिला होता. “ती लेकवर येत नाहीये. घरात बसून स्वतःला खातेय. तू तिला घेऊन ये.”

आढेवेढे घेत त्या निघाल्या. शनिवारी सकाळी सात वाजताच हवा दमट होती. डोरीन घडीच्या खुर्चीत बसून होती, पायाशी सामानाची पेटी.  रॉड हातात देऊन म्हणाली, “उजवा हात दमलाय ना? मग आज डावखुरी हो.” तिने रिळाचं हँडल काढून उलट्या बाजूला बसवलं, म्हणजे रॉड डाव्या हातात आणि गुंडाळायचं उजव्याने.

गिरिजाताईंनी फेकलं, वाकडंतिकडं. लाइन डाव्या तर्जनीवर घेतली. थोडं ओढलं, थांबल्या. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. दहाएक मिनिटांनी डोरीन म्हणाली, “लाइन हलतेय.” त्यांनी झटका दिला, उशिरा. मासा गेला.

“डाव्यालाही कळलं नाही,” त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज एकदम बारीक झाला होता. “राधिका, दोन्ही हात. दोन्ही हात आहेत गं.”

मी म्हणाले, “बसा ताई, जरा पाणी प्या.” त्या बसल्या नाहीत. परत फेकलं, जवळजवळ रागाने. या वेळी रिळाशी लाइनचा एक फास सुटून लोंबायला लागला. तो सोडवायला त्यांनी उजवा हात पुढे नेला. तीन बोटांना ती बारीक लाइन धरताच येईना, घसरायची. म्हणून त्यांनी ती करंगळीत अडकवली आणि ओढून फास सरळ केला.

आणि तशाच थबकल्या.

“काय झालं?” मी विचारलं.

“श्श.”

त्यांचे डोळे समोरच्या झाडीवर होते, पण त्या काही बघत नव्हत्या. मग एकदम त्यांनी हँडलला हात घातला, तीन-चार वेढे गुंडाळले आणि रॉड बाजूला जोरात खेचला. रॉड कमानीसारखा वाकला. डोरीन खुर्चीतून उठली. पाणी फुटलं, हिरवट मासा तोंड उघडून वर आला, डोकं झटकून परत आत गेला. दोन-तीन मिनिटांत काठाशी आणला. चांगला तीन पौंडांचा. डोरीननेच वाकून त्याला उचललं, गळ वरच्या ओठात नीट रुतलेला होता.

“बघ!” ती म्हणाली. “बघ, हनी!”

गिरिजाताईंनी माशाकडे बघितलंही नाही. रॉड मातीत टाकून त्या आपल्या उजव्या हाताला चिमटे काढत होत्या. अंगठा, तर्जनी, मधलं बोट. मग करंगळी. परत पहिल्यापासून. मग अनामिकेच्या एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला.

“हिला कळतंय,” त्या म्हणाल्या. “राधिका, करंगळीला कळतंय. टक् लागलं. आणि अनामिकेचा हा अर्धा, बाहेरचा. आतला नाही. बरोबर मधोमध.” आणि त्या इंग्रजी-मराठी मिसळून भराभर बोलायला लागल्या. करंगळीची नस वेगळी, ती कोपराकडून वेगळ्या वाटेने येते. बाकीच्या साडेतीन बोटांची नस मनगटातून जाते, एका अरुंद बोगद्यातून, कार्पल टनेल म्हणतात त्यातून, आणि तिथे ती दाबली जाते. हे विद्यार्थ्यांना शिकवतात, पहिल्या वर्षाला. “कार्पल टनेल म्हणजे मनगट दुखतं, असंच डोक्यात होतं माझ्या. मला कधी दुखलंच नाही. पहाटे हात बधिर व्हायचा, मला वाटायचं अंगाखाली आला. करंगळी तपासलीच नाही मी. मिटून ठेवत होते ना!”

“म्हणजे गुरुनाथदादांचं नाही?” मी विचारलं.

त्या थांबल्या. “मी डॉक्टर नाही,” त्या म्हणाल्या. “आणि डबा पडला होता.” चेहऱ्यावर आलेला उजेड परत जरा विझला. पण त्या दिवशी परत येताना गाडीत त्या झोपल्या, मान एका बाजूला टाकून. डोरीनलाही घरी सोडायचं होतं; ती मागच्या सीटवरून खुणेने मला सांगत होती, गाडी हळू चालव.

पुढचे चार आठवडे सोपे गेले असं नाही. आशा लागली की धास्ती वाढते. पूर्वी त्यांना एकच भीती होती. आता ती खोटी असावी असं वाटायचं, आणि मग तसं वाटून घेतल्याचीही भीती वाटायची. तपासणीच्या दिवशी सत्यजित सोबत गेले. हाताला विजेचे बारीक झटके देऊन नस किती वेगाने निरोप नेते ते मोजतात. एक डॉक्टरीणबाई होत्या, फार कमी बोलणाऱ्या. उजवा हात तीव्र, डावा मध्यम. दोन्ही मनगटांत नस दाबली गेलेली. अंगठ्याच्या बुडाचा उंचवटा सपाट झालाय, डबा त्यामुळे सटकला. गिरिजाताईंनी भावाचं सांगितलं. बाईंनी परत पाय, खांदे, जीभ सगळं तपासलं आणि म्हणाल्या, “त्याची कुठलीच खूण मला दिसत नाही.”

सत्यजितनी मला फोन केला तेव्हा त्यांना नीट बोलता येत नव्हतं. मला क्षणभर वाटलं, वाईटच बातमी आहे.

पण डॉक्टरीणबाईंनी आणखीही एक सांगितलं होतं. तुम्ही उशिरा आलात. ऑपरेशनने नस मोकळी होईल, पण गेलेला स्पर्श सगळा परत येईल असं नाही.

ऑगस्टमध्ये उजव्या हाताचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाली, टाके निघाले. तर्जनीत आधी मुंग्या आल्या, मग गरम-गार कळायला लागलं. साबुदाणा आणि तांदूळ आता ओळखता येतात. पण बोटाला शिरेची उसळी अजून नीट कळत नाही. लॉरेनने ऑक्टोबरमध्ये विचारलं, परत येतेस का रक्त काढायला? कागदोपत्री डॉक्टरांची परवानगी होती. त्यांनीच नाही म्हटलं. आता त्या आतल्या खोलीत बसतात, आलेल्या ट्यूब्स तपासून मशीनला लावतात. माणसं दिसत नाहीत. त्याचा त्यांना त्रास होतो, हे त्या बोलत नाहीत, पण दुपारच्या सुट्टीत बाहेर येऊन वेटिंग रूममध्ये बसतात.

एक गोष्ट मात्र त्या परत परत बोलतात. एप्रिल-मेचे ते आठवडे. “आजाराची भीती गेली, राधिका. पण मला कळत नव्हतं तरी मी लोकांना टोचत राहिले, ते जात नाही. ते आजोबा परत आले नाहीत. दुसऱ्या लॅबला जात असतील, किंवा…” पुढचं त्या म्हणत नाहीत. माझ्याच हातावर त्यांनी दोनदा टोचलं होतं. मी सांगून बघितलं की माझं टेंगूळ चार दिवसांत गेलं. त्या ऐकून घेतात.

गेल्या शनिवारी मी परत त्यांच्याबरोबर लेकवर गेले. नोव्हेंबरचा वारा होता, डोरीनने दोन जाकिटं घातली होती. थंडीत मासे आळसावतात, गांडूळ नुसतं तोंडात धरून पडून राहतात, त्यामुळे ओळखणं आणखी अवघड. गिरिजाताईंनी आता भडक पिवळी लाइन लावलीय, तिचं शेवटचं टोक तेवढं पारदर्शक, माशाला दिसू नये म्हणून. डोळा त्या पिवळ्या रेषेवर ठेवायचा. ती थरथरली, आखडली, कुठे सरकली, की गुंडाळून झटका. बोटाची वाट बघायची नाही. तरी लाइन तर्जनीवर असतेच.

पाच वेळा मासा लागला. दोन आले. तिसरा सुटला तेव्हा त्यांनी तर्जनी डोळ्यांसमोर धरून बघितली, मग अंगठ्यावर घासली.

“बोट की थंडी?” मी विचारलं.

“काय माहीत,” त्या म्हणाल्या. “आता दर वेळी हाच प्रश्न राहणार. डाव्या हाताचं जानेवारीत आहे.”

मग पेटीतून नवीन गांडूळ काढून, बोटांकडे नीट बघत, त्या ते सावकाश गळावर चढवायला लागल्या.